पदराआडचा बाजा

दगडखोरीच्या साखराबाईला ऊस तोडता येई, मोळी बांधता येई, अडलेली म्हैस सोडवता येई, आणि बाजा तर असा वाजवता येई की दऱ्यापलीकडची गुरं माना वर करत. एकच गोष्ट तिला साधत नव्हती. तो बाजा इतरांना जसा ऐकू येई, तसा तिला स्वतःला कधी ऐकायला मिळाला नव्हता.

बाजा म्हणजे तोंडानं वाजवायचा. शहरात त्याला माउथ ऑर्गन म्हणतात. साखराबाईचा पहिला बाजा कपिलधारच्या यात्रेतला, पत्र्याचा, पोरांच्या खेळण्यातला. तिच्या वडिलांनी तो घेऊन दिला तेव्हा ती बैलगाडीत उसाच्या वाढ्यांवर झोपण्याएवढी लहान होती. दिवाळी झाली की घरदार गाडीत घालून ही मंडळी घाट उतरून साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येत. संध्याकाळी कोप्यांपुढे, त्या पाचटाच्या झोपड्यांपुढे, चुली पेटल्या की साखरा बाजा काढी आणि दिवसभरात जे जे ऐकलं ते त्यातून काढून दाखवी. गाडीच्या आखाची कुरकुर, मुकादमाचं खोकणं, रेडकाचं ओरडणं. मुकादमाचं खोकणं तर इतकं हुबेहूब निघे की मुकादम स्वतः कोपीतून डोकं बाहेर काढून बघे, दुसरा कोण आला म्हणून.

लग्न होऊन ती दगडखोरीत आली तेव्हा बाजा ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत होता. नवरा शहादेव. पंचक्रोशीत लाऊडस्पीकर असलेला एकटा माणूस. एक मशीन, एक माईक, दोन बॅटऱ्या, चावीचा फोनो आणि एक मोठा कर्णा एवढ्या जिवावर त्यानं नेकनूरपासून पार घाटापर्यंतची लग्नं वाजवली होती. सासू चंद्रभागाबाई. तिनं सुनेचा बाजा पहिल्या आठवड्यातच पाहिला आणि निकाल दिला.

"बाईनं फुंकावं ते चुलीत."

साखराबाई म्हणाली, "व्हय आत्याबाई." बाजा परत ट्रंकेत गेला. पण ट्रंकेला कुलूप नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. कपिलधारच्या धबधब्याची धारसुद्धा करंगळीएवढी झाली, तिथं माणसांच्या लग्नांचं काय घेऊन बसलात. कर्णा घरात पालथा पडून राहिला. चंद्रभागाबाई खडी फोडायला जाऊ लागली, साखराबाई मातीच्या पाट्या टाकायला, आणि शहादेवला काम लागलं ते बोअर खणणाऱ्या गाडीवर. कुठल्याशा परदेशी मदत संस्थेनं ती गाडी पाठवली होती आणि तिच्याबरोबर रॉय नावाचा एक लांबलचक गोरा मेकॅनिक आला होता. लोकांनी त्याचा लगेच रायसाहेब करून टाकला. पाण्याची रांग लावायची, सुकडी वाटायची वेळ सांगायची, यासाठी त्याला लाऊडस्पीकर हवा होता.

रायसाहेबाकडे एक टेप होता. दुपारी मशीन थंड व्हायला ठेवली की तो आपल्या देशातली वाजवणी ऐकत बसे. एक दिवस म्हणाला, "शहादेव, हे तुझ्या कर्ण्यावर लाव. सगळ्यांना ऐकू दे."

शहादेवनं वायरी जोडल्या. कर्ण्यातून जो आवाज आला त्यानं त्याचा चेहराच उतरला. जाड, खरखरीत, चिरफाळलेला आवाज. कुणीतरी रडतंय, कुणीतरी हसतंय, आणि दोघं मिळून पत्रा फाडताहेत.

"सायेब, मशीन फाटली."

"नाही फाटली. चांगली आहे."

"आवं, आवाज ऐका की. चिंध्या झाल्या."

शहादेवला आपल्या मशीनचा लई अभिमान. कुणाच्या लग्नात त्याचा आवाज कधी फाटला नव्हता. त्यानं मशीन उघडली, पुसली, वायरी सोलून नव्यानं पिळल्या. तरी आवाज तसाच. मग त्यानं कर्णा खाली उतरवला, तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. "हां! सापडली बया!" म्हणून त्यानं ते घर काटकीनं कोरून काढलं, कर्णा धुतला, राखेनं घासून लख्ख केला आणि ऐटीत परत लावला. आवाज पहिल्यापेक्षा जास्त फाटका आला. आजूबाजूचे बोअरवाले हसून हसून लोळायला आले.

तेवढ्यात साखराबाई मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी घेऊन आली. गाठोडं तसंच हातात धरून ती उभी राहिली. परक्या पुरुषासमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून नवऱ्याजवळ वाकून हळूच म्हणाली,

"मशीन न्हाई फाटली. त्यो माणूसच फाडून वाजवतोय. बाजाच हाय त्यो."

"बाजा? एवढा?"

"आन फुंकत न्हाई त्यो. श्वास आत ओढतोय. ऐका की, कसा खाली घसरतोय सूर."

शहादेवनं रायसाहेबाला विचारलं. रायसाहेब हो हो करत उठलाच. मोडक्या मराठीत आणि हातवाऱ्यांनी त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या देशात कापूस वेचणारी काळी माणसं पोटासाठी गावं सोडून शिकागो नावाच्या मोठ्या शहरात गेली. तिथल्या दारूच्या गुत्त्यांत एवढा गलका की एवढासा बाजा कुणाला ऐकू जाईना. मग त्यांनी माईकच बाज्याबरोबर मुठीत धरला, हवा बाहेर सुटू नये असा गच्च, आणि मशीन रडकुंडीला येईपर्यंत वाजवला.

"म्हंजी आपल्या तोडीवाल्यांवाणीच की," साखराबाई गाठोडं सोडत पुटपुटली.

बोअर लागला, गाडी पुढच्या गावाला निघाली. जाताना रायसाहेबानं आपला जादा असलेला दहा भोकांचा बाजा शहादेवला भेट दिला. शहादेवनं दोन-चारदा फुंकून पाहिलं, त्याला नुसती धाप लागली. त्यानं तो बायकोच्या ओंजळीत टाकला. "घे बये, तुझा देव तुला."

यात्रेतल्या बाज्यातून सूर फुंकून निघत. ह्यातले खरे गोड सूर ओढून घ्यावे लागत, आणि ओढता ओढता जीभ जरा मागं घेतली की सूर उतारावरून घसरल्यासारखा खाली येई. जात्यावर दळताना बाईचा गळा घसरतो, तसाच. सासू खडीवर गेली की साखराबाई माजघरात बसे आणि शिकागोच्या त्या न पाहिलेल्या माणसाची वाट चाचपडत जाई. टेप तर गाडीबरोबर गेला होता. जेवढं कानात उरलं तेवढंच.

पुढं बरी सालं आली. गावात सहकारी दूध संस्था निघाली. चेअरमन राधाकिशनअण्णा, नात्यानं साखराबाईचे चुलत सासरे. संस्थेनं कर्ज काढून म्हशी आणल्या, पत्र्याची खोली घातली, वजनकाटा ठेवला. सगळं जमलं, एक दुधाची गाडी जमेना. बीडहून येणाऱ्या त्या गाडीला घड्याळ म्हणून माहीत नव्हतं. कधी कोंबड्याबरोबर, कधी ऊन चढल्यावर. आली की थांबणार थोडा वेळ, आणि चालली. दूध घेऊन लोक येईपर्यंत गाडी वळणावर धूळ उडवत असे.

तेव्हा संस्थेनं शहादेवला नेमलं. कर्णा घरापुढच्या लिंबाच्या शेंड्यावर, दऱ्याकडे तोंड करून बांधला; मशीन आणि माईक घरातच. गाडी दिसली की त्यानं पुकारायचं. तो पुकारी, "चला हो चला, गाडी आली!" पण दऱ्यावरच्या वाऱ्यात शब्दांचा भुगा होई. पलीकडच्या वस्तीवर नुसतं "हो... ली..." एवढंच पोचे, आणि तिथली भिवराबाई दारातून ओरडे, "होळीला अजून लई येळ हाय, मेल्या!"

पलीकडचं दूध येईना. एवढ्याशा दुधासाठी गाडी पाठवणं परवडत नाही, असं वरून बोलणं येऊ लागलं.

एका सकाळी शहादेव दुसरी बॅटरी चार्जिंगला घेऊन नेकनूरला गेला होता, सासू शेतात, आणि गाडी अचानक वळणावर दिसली. साखराबाई माईकपुढे जाऊन उभी राहिली. बोलायचं कसं? सुनेचा आवाज चार वस्त्यांवर घुमायचा, चुलत सासऱ्यानं ऐकायचा! ती मागं फिरली. पुन्हा पुढं आली. मग कोनाड्यातला बाजा घेतला. दार रस्त्यावर उघडं, येणारा-जाणारा बघेल म्हणून बाजा आणि माईक दोन्ही एकाच मुठीत धरून तिनं वरून पदर घट्ट लपेटला, डोळे मिटले आणि श्वास आत ओढला.

भिंतीवरची ताटं थरथरली. तिच्या स्वतःच्या डोक्यात तर गिरणीच सुरू झाली. काय वाजवावं सुचेना, म्हणून लहानपणी कोपीपुढं काढायची तेच काढलं, भुकेल्या रेडकाचं ओरडणं. वरून खाली घसरत, पुन्हा वर चढत.

बाहेर काय झालं ते तिला दिसलं नाही. ते भिवराबाईनं पुढं गावभर सांगितलं. तिच्या म्हशीचं रेडकू मेलेलं, म्हैस कशी ती पान्हवत नव्हती. "मी आपली शेण उचलतीया, आन ही खुट्ट्याला उभ्या उभ्या पान्हवली! धारा जिमिनीवर! कासंडी कुठं, मी कुठं!" साऱ्या वस्तीवर तोच गोंधळ. म्हशी हंबरताहेत, बाया भांडी शोधताहेत, आणि दूध डोक्यावर घेऊन माणसं पहिल्यांदाच गाडीच्या आधी दऱ्यात उतरली.

शहादेव बॅटरी खांद्यावर घेऊन आडवाटेनं परत येत होता. वाटेत आश्रुबा भेटला. हा संस्थेचा वजनकाटा धरणारा.

"शहादेव, काय वाजवलंस बे! माझा काटा पैल्यांदा दमला आज. आन वाजवून लगीच बॅटरी घेऊन कुठं निघालास?"

शहादेवनं खांद्यावरची बॅटरी सावरली. मग गालातल्या गालात हसला. "आवडलं का?"

घरी येऊन त्यानं बायकोकडे पाहिलं. ती चुलीत फुंकत होती, अगदी सासूनं सांगितल्याप्रमाणे.

तेव्हापासून रोज सकाळी दगडखोरीत बाजा वाजू लागला आणि 'शहादेवचा बाजा' म्हणून नावारूपाला आला. शहादेव गाडी आली की घरात जाई आणि शेरडीला पाला घालत बसे. वाजवी साखराबाई, पदराआड. चंद्रभागाबाई त्या वेळी संस्थेच्या दारात दुधाच्या रांगेत उभी असे आणि आपल्या लेकाचा गुण मोठ्यानं सांगत असे. तिला तेवढं सुख होतं, म्हणून दोघं नवराबायको गप्प राहिली. गाडी येत राहिली, संस्था मार्गी लागली.

साखराबाईला नाव नको होतं. तिला ऐकायचं होतं. शिकागोच्या माणसाचा आवाज तिनं दुष्काळात ऐकला होता, तो पोटात जाऊन बसला होता. आपला त्याच्या जवळपास तरी जातो का? पण वाजवणाऱ्याच्या कानात आधी त्याचं स्वतःचं डोकं वाजतं. कर्ण्याचं तोंड दऱ्याकडे, ती माजघरात. वाजवायचं थांबवून अंगणात धावावं, तर आवाजही थांबलेला.

"आवं, कसा वाजतो हो?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"म्हशीवाणी."

"चांगल्या म्हशीवाणी का कशी?"

"आता म्हशीत चांगली वाईट काय? मोठ्या म्हशीवाणी."

पाणवठ्यावर भिवराबाईला विचारलं. ती म्हणाली, "आढ्याला अडकलेल्या मांजरावाणी. पण गोड हां." आश्रुबाला सहज विचारलं, तर तो म्हणाला, "वंगण मागणाऱ्या गाडीवाणी." शेवटी धीर करून सासूला विचारलं.

"माझ्या लेकाच्या बाज्यावाणी वाजतो," चंद्रभागाबाई म्हणाली, "दुसऱ्या कशावाणी वाजंल?"

असं चाललं असताना एके सकाळी वळणावर दुधाच्या गाडीमागून एक जीप आली. जीप थांबायच्या आत तिच्यातून रायसाहेब उतरला आणि लिंबाकडे बघत तसाच धावत सुटला. केस विरळ झाले होते, मराठी पुष्कळ सुधारली होती.

"कोण? कोण वाजवतं हे?"

सगळ्या गावानं शहादेवकडे बोट दाखवलं.

रायसाहेबानं शहादेवला उचलायचाच बाकी ठेवला. तो आपल्या देशी कायमचा परत निघाला होता, जुने बोअर एकदा बघून घ्यायला आला होता. "माझ्याकडे टेप आहे. तू वाजव, मी भरून घेतो. तिकडच्या वाजवणाऱ्यांना ऐकवणार आहे, बीडच्या डोंगरात काय चाललंय ते!"

राधाकिशनअण्णांनी पारावर खुर्च्या मांडायला लावल्या. दुधाची भांडी जिथल्या तिथं राहिली. शहादेव घराकडे सरकायला लागला तर त्याला दोघांनी धरून पारावर चढवला, आणि चंद्रभागाबाई स्वतः घरात जाऊन कोनाड्यातला बाजा आणि माईक घेऊन आली. मुंडावळ्या आणाव्यात तशा थाटात.

साखराबाई बायकांत, कडेला उभी होती. तिचं लक्ष नवऱ्याकडे नव्हतं, टेपकडे होतं. ती चाकं, ती पट्टी. त्यात गेलेला आवाज परत बाहेर येतो, हे तिला दुष्काळापासून ठाऊक होतं.

शहादेवनं घाम पुसला. रायसाहेबानं टेपला जोडून दिलेला माईक धरला. बाजा तोंडाला लावला.

पीं. पीं. फुस्स.

खुट्ट्याला बांधलेल्या एका म्हशीनं पाठ फिरवली.

"आरं नीट वाजव की!" चंद्रभागाबाई ओरडली. "पाहुण्यापुढं कावून लाजतोस?"

पीं. फुस्स.

"आज दम न्हाई सायेब," शहादेव म्हणाला. "छाती भरलीया."

रायसाहेबाचा चेहरा पडला, पण तो भला माणूस. "असू दे. पुढच्या वेळी," असं म्हणाला आणि टेपचं झाकण लावायला वाकला.

पुढची वेळ नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि साखराबाईलाही. झाकणाची एक खिट्टी खट्कन बसली. दुसरी बसायच्या आत ती बायकांमधून बाहेर आली.

"आत्याबाई," ती म्हणाली, आणि एवढ्या माणसांत आपला आवाज ऐकून तिनं पदर आणखी पुढं ओढला. "बाजा मी वाजवते."

चंद्रभागाबाईनं मान वळवून सुनेकडे पाहिलं.

"तू?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

चंद्रभागाबाईनं लेकाकडे पाहिलं. लेक पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. तिनं राधाकिशनअण्णांकडे पाहिलं. ते टोपी काढून तिच्या आत काहीतरी शोधत होते. मग आश्रुबाला राहवलं नाही.

"का गं मावशे, बाईनं फुंकावं ते चुलीत म्हणतीस न्हवं?"

म्हातारी गर्रकन वळली. सुनेला वाजवताना तिनं कधी बघितलं नव्हतं, पण बाज्याचा आवाज रोज ऐकला होता, आणि कान काही कमी नव्हते.

"फुंकत कुठं हाय ती? श्वास आत ओढतीया! आवाजावरून कळत न्हाई का तुला, काटेवाल्या? आन तू काय बघतोस रं शहादेवा, उतर खाली! माझ्या सुनेची जागा अडवून बसलाय!"

असा हशा पिकला की बांधलेली गुरं बुजली. शहादेव पारावरून उडी मारून उतरला आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. खांद्यावरचं मोठं ओझं उतरल्यागत झालं होतं त्याला. त्यानं बाजा धोतराच्या सोग्यानं पुसून बायकोच्या हातात दिला.

चंद्रभागाबाईनं सुनेचा पदर स्वतः सारखा केला. "डोक्यावरचा ढळू देऊ नको. बाकी काय वाजवायचं ते वाजव."

साखराबाईनं बाजा आणि माईक मुठीत घेतले, वरून पदर लपेटला. रायसाहेब "अरे!" म्हणून ओरडलाच. त्याच्या देशातले लोक दोन्ही पंजे आवळून जे साधत, ते ह्या बाईनं लुगड्याच्या पदरानं साधलं होतं. ती वाजवत गेली. भुकेलं रेडकू, आखाची कुरकुर, मधेच मुकादमाचं खोकणं. ते निघालं तेव्हा तोडीला गेलेली सगळी माणसं एकदम हसली. टेपची चाकं फिरत राहिली.

संपलं तेव्हा रायसाहेब म्हणाला, "आता ऐका," आणि बटणाकडे हात नेला.

"थांबा सायेब!" साखराबाईनं त्याला अडवलं. मग नवऱ्याला म्हणाली, "हितं न्हाई. कर्ण्यावर लावा. आन मी पलीकडं गेल्यावर लावा. तिथनं ऐकायचंय मला, जिथनं समदी ऐकत्यात."

शहादेव वायरी जोडायला बसला. साखराबाई दऱ्यात उतरली, आणि तिच्यामागोमाग कमरेवर हात देत चंद्रभागाबाई. मागं भिवराबाई, तिच्यामागं सगळ्या बाया. खालच्या वाळूतून, दगडांवरून, पलीकडची चढण चढून सगळ्या भिवराबाईच्या अंगणात पोचल्या. साखराबाईला धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत ती थांबली. मग चंद्रभागाबाईनं आपला पदर उंच धरून हलवला.

लिंबाचं झाड इथून मुठीएवढं दिसत होतं. आधी काहीच आलं नाही. मग वाऱ्याबरोबर आलं.

जाड, खरखरीत, चिरफाळलेलं. दऱ्यावर पसरत आलेलं, मागच्या डोंगराला लागून पुन्हा परत येणारं. दुष्काळातल्या त्या दुपारी गाठोडं हातात धरून ऐकलं होतं, त्याच जातीचं. पण हे शिकागोचं नव्हतं. ह्यात घाट उतरणारी गाडी होती आणि उसाचा वास होता. एका ठिकाणी सूर जरा उशिरा वळला, ते तिला लगेच कळलं आणि तिनं जीभ चावली. मग पुढचा सूर असा घसरत गेला की ती स्वतःच "वा गं बाई!" म्हणाली.

"कुणाला म्हणतीस?" सासूनं विचारलं.

"मलाच."

"मग बरोबर हाय," चंद्रभागाबाई म्हणाली आणि ओट्यावर टेकली. "काय गं, आश्रुबा म्हणतो ते खरं हाय. वंगण मागती गाडी."

साखराबाई हसायला लागली ती थांबेना. टेप संपला. दऱ्यापलीकडं शहादेव दोन्ही हात हलवून विचारत होता, कसं वाटलं? तिनं उत्तर म्हणून डोक्यावरचा पदर काढला, सासूदेखत, आणि तोच पदर हवेत गरागरा फिरवला. पुन्हा लावा, पुन्हा!

पुन्हा वाजायला लागलं. गोठ्यात धडपड झाली आणि भिवराबाई कासंडी घेऊन तिकडे धावली. तिचा आवाज बाज्याच्याही वर चढला.

"अगं साखराबाई, बास कर! भर दुपारी पान्हवली की गं ही!"

"मी कुठं वाजवतीया?" साखराबाई म्हणाली, आणि अंगणाच्या कडेच्या दरडीवर पाय सोडून ऐकत बसली.